टेट्रिकसचं काळं नाणं आणि रोमपासून फुटलेली चौदा वर्षं

ऱ्हाइनकाठ

नाणेसंग्रहाच्या जुन्या धाग्यावर मी टेट्रिकसचं, म्हणजे तिसऱ्या शतकात रोमपासून फुटलेल्या गॉलच्या (आजचा फ्रान्स आणि आसपास) राज्याच्या शेवटच्या सम्राटाचं, नाव काढलं, तेव्हा "ती हिणकस तांब्याची चकती, तिला कोण विचारतं?" असा प्रतिसाद आला होता. तिथे वाद घालत बसले नाही. पण हे नाणं मला मनापासून महत्त्वाचं वाटतं आणि का वाटतं ते सविस्तर सांगायचंय, म्हणून हा वेगळा धागा.

आधी नाणं. व्यास साधारण १८ मिलिमीटर, वजन अडीच ग्रॅमच्या आतबाहेर. रंग काळपट तपकिरी, कडा वेड्यावाकड्या, ठसा मधोमध बसलेला नाही. पुढच्या बाजूला दाढीवाला सम्राट, डोक्यावर किरणांचा मुकुट, भोवती लॅटिन अक्षरं : इंप सी टेट्रिकस पी एफ ऑग. मागे हिलारितास ही आनंदाची देवता, एका हातात ताडाची लांब फांदी, दुसऱ्या हातात फळाफुलांनी भरलेलं शिंग. इसवी सन २७१ ते २७४ या काळात गॉलमध्ये ते पाडलं गेलं. नावाला चांदीचं नाणं. प्रत्यक्षात चांदी जेमतेम १ टक्का, पुष्कळ नाण्यांत तेवढीही नाही.

या प्रकाराला आज अँटोनिनियानस म्हणतात. सम्राट काराकाल्लाने २१५ साली ते सुरू केलं तेव्हा वजन ५ ग्रॅमच्या आसपास होतं आणि निम्मी चांदी होती. किरणांचा मुकुट ही दुप्पट किमतीची खूण, म्हणजे एक नाणं दोन डिनेरियसचं (डिनेरियस हे रोमचं जुनं चांदीचं नाणं). आत चांदी मात्र साधारण दीड डिनेरियसची. पुढची पन्नास वर्षं चांदी उतरत गेली, तांबं चढत गेलं.

आता फुटलेलं साम्राज्य. २६० साली सम्राट व्हॅलेरियन इराणच्या शापूरच्या हाती जिवंत सापडला. रोमचा सम्राट शत्रूच्या कैदेत, असं आधी कधी घडलं नव्हतं. त्याचा मुलगा गॅलिएनस दुसऱ्या आघाड्यांवर गुंतलेला. ऱ्हाइनवर सेनापती होता पोस्टुमस. लुटीचा माल घेऊन परतणाऱ्या एका जर्मन टोळीला त्याच्या सैन्याने गाठलं आणि तो माल आपसात वाटून घेतला. कोलोनमध्ये गॅलिएनसचा कोवळा मुलगा सलोनिनस आणि त्याचा पालक सिल्व्हानस होते. सिल्व्हानसने लूट परत मागितली. सैनिक उलटले, कोलोनला वेढा पडला, दोघेही मारले गेले आणि पोस्टुमस सम्राट झाला. गॉल, जर्मानिया, ब्रिटन आणि हिस्पानिया (आजचा स्पेन-पोर्तुगाल) त्याच्या बाजूला गेले.

ऑग्सबर्गला १९९२ साली एक विजयवेदी सापडली. तिच्यावरच्या लेखात २६० सालच्या २४ आणि २५ एप्रिलच्या लढाईची नोंद आहे. इटलीतून परतणाऱ्या टोळ्यांचा तिथे पराभव झाला आणि हजारो इटालियन कैदी सुटले. पण वेदी उभारली सप्टेंबरमध्ये, आणि त्या लेखात वर्ष सांगितलंय ते पोस्टुमसच्या कॉन्सुलपदाचं (कॉन्सुल हे रोममधलं वर्षभराचं सर्वोच्च पद, त्यावरूनच वर्ष ओळखायचे). म्हणजे काही महिन्यांत आल्प्सच्या उत्तरेचा तो प्रांतही त्याच्याकडे गेलेला.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. पोस्टुमस रोमवर चालून गेला नाही. त्या शतकात सैन्याने ज्याला सम्राट केलं तो बहुधा थेट इटलीकडे धावायचा. हा ऱ्हाइनवर थांबला. स्वतःचे कॉन्सुल नेमले, बिरुदं रोमचीच ठेवली आणि सीमा राखली. चौथ्या शतकातला इतिहासकार युट्रोपियस लिहितो की जवळजवळ हातचे गेलेले प्रांत याने मोठ्या धडाडीने आणि संयमाने सावरले. त्याला काही पोस्टुमसची भलामण करायची नव्हती.

हे नाण्यांतही उतरलंय. पोस्टुमसच्या अँटोनिनियानसमध्ये बरीच वर्षं १५ ते २० टक्क्यांच्या आसपास चांदी राहिली. त्याच काळात रोममधल्या गॅलिएनसचं नाणं उतरत उतरत २-३ टक्क्यांवर आलं. बंडखोराचं नाणं अधिकृत सम्राटाच्या नाण्यापेक्षा खरं होतं! मोठ्या कांस्य नाण्यांसाठी त्याने ट्रेजन, हेड्रियन यांची झिजलेली जुनी नाणी घेऊन त्यांच्यावरच आपला ठसा मारला. नीट पाहिलं तर काहींत पोस्टुमसच्या दाढीखालून आधीच्या सम्राटाचा चेहरा दिसतो.

२६८ पासून घसरण लागली. २६९ मध्ये लेलियानसने माइन्झला बंड केलं. पोस्टुमसने ते मोडलं, पण सैनिकांना माइन्झ लुटू दिलं नाही, आणि त्याच सैनिकांनी त्याला ठार केलं. आपल्याच प्रजेचं शहर लुटू दिलं नाही म्हणून मेलेला सम्राट. मग मारियस, मग व्हिक्टोरिनस. याच सुमारास हिस्पानिया रोमकडे परत गेला, म्हणजे तिथल्या खाणीही गेल्या, आणि ऱ्होन नदीच्या पूर्वेचा भागही. २७१ मध्ये व्हिक्टोरिनसचा खून झाला तेव्हा त्याच्या आईने, व्हिक्टोरियाने, सैन्याला पैसे देऊन अॅक्विटानियाचा गव्हर्नर टेट्रिकस याला सम्राट करवलं.

हे नाणं त्या टेट्रिकसचं. हिस्पानियाची चांदी नाही, रोमशी वैर, ऱ्हाइनवर टोळ्या आणि पगार मागणारं सैन्य. अशा राज्याने जे होतं त्यातून नाणं पाडलं आणि ते चाललं. ते खोटं नाणं नव्हतं. ब्रिटनपासून गॉलपर्यंत बाजारात तेच खरं नाणं होतं, आणि त्या राज्यावर किती संकटं कोसळली ते त्याच्या धातूतच लिहिलेलं आहे.

जुनापेठकर

उत्तम लिहिलंय. पुण्यात आमच्या मंडळात कुणी टेट्रिकस आणला की लोक न बघता पुढे सरकवतात, कारण तो काही युरोंत मिळतो. पण स्वस्त म्हणजे क्षुल्लक नव्हे.

नव्या संग्राहकांसाठी एक. टेट्रिकस नावाचे दोन आहेत. बाप दाढीवाला. मुलगा कोवळा, बिनदाढीचा, आणि त्याच्या लेखात शेवटी 'सीझ' येतं, कारण तो फक्त सीझर, म्हणजे युवराज होता; सम्राटाच्या नावाशेवटी 'ऑग' (ऑगस्टस) येतं. मुलाच्या नाण्यांवर मागे बहुतेकदा आशेची देवता स्पेस किंवा पूजेची उपकरणं असतात.

दुसरं म्हणजे स्थानिक नकला. याच नाण्यांच्या बेसुमार नकला झाल्या. अक्षरं भलतीच, काही ठिकाणी नुसत्या उभ्या रेघा, मुकुटाचे किरण फणीच्या दातांसारखे. काही तर १० मिलिमीटरहून लहान. ताई, तुमचं टाकसाळीतलं आहे की नकल?

ऱ्हाइनकाठ

टाकसाळीतलं. अक्षरं पूर्ण वाचता येतात, वजनही बसतं. पण नकलांबद्दल मला फार आस्था आहे. त्या पुष्कळशा २७४ नंतरच्या आहेत. रोमचा सम्राट ऑरेलियन याने टेट्रिकसचं राज्य संपवलं, नाण्यांची फेररचना केली, ल्योनला टाकसाळ काढली. पण त्याची नवी नाणी गॉलच्या उत्तरेत आणि ब्रिटनमध्ये फारच थोडी पोचली. बाजार तर रोज भरत होता. मग लोकांनी ओळखीच्या चेहऱ्याची नाणी स्वतः पाडली. ज्या सम्राटाचं राज्य बुडालं त्याच्याच चेहऱ्यावर लोक देणंघेणं करत राहिले.

मृण्मयी_क

मी इतिहास शिकवते, पण हा भाग आमच्या पुस्तकांत ओळभरही नाही. एक प्राथमिक शंका. १ टक्का चांदीचं नाणं चांदीचं म्हणून दिलं तर लोकांना दिसत नव्हतं का? तांबं लाल दिसतं ना?

सराफकट्टा

मृण्मयीताई, याचं उत्तर मी देतो, आमचं घराण्याचं काम आहे.

तांबं मिसळलेली चांदी तापवली की पृष्ठभागावरचं तांबं काळं पडतं. ती सौम्य तेजाबात बुडवली की ते काळं सुटतं आणि वर चांदीचा पातळ थर उरतो. दागिना जोडून झाला की आम्ही आजही हेच करतो. दागिना आत कसाही असो, वरून पांढराशुभ्र. रोमन टाकसाळीतही चकत्या अशाच तापवून, आंबट द्रावात बुडवून मग ठसा मारायचे. ठोक्याने तो भुसभुशीत थर दाबला जाऊन चकाकायचा. कसोटीच्या दगडावर हलकी रेघ ओढली तर वरचाच थर उमटतो आणि माणूस फसतो. खोल घासावं लागतं.

पण ही युक्ती चालायला आत थोडी तरी चांदी हवी. १-२ टक्क्यांवर ती पुरत नाही, तिथे वरून मुलामा द्यावा लागतो. तो हातोहात फिरून झिजतो. ताईंचं नाणं काळं आहे ते त्यामुळे. नवं असताना ते पांढरं असणार.

मृण्मयी_क

म्हणजे पगाराच्या दिवशी पांढरं आणि काही महिन्यांनी लाल. मग सगळ्यांना कळलंच असणार.

अर्थवेध

कळलंच असणार, आणि माझा आक्षेप तिथेच आहे. ऱ्हाइनकाठ, तुमचा धागा आवडला, पण तुम्ही टेट्रिकसला फार सहज सोडलंत.

याच राज्याने सोनंही पाडलं, आणि ते अगदी देखणं. पोस्टुमसचं समोरून पाहणाऱ्या चेहऱ्याचं सोन्याचं नाणं रोमन कलेतल्या उत्तम नमुन्यांत मोडतं. ते कुणाच्या हाती गेलं? सेनाधिकाऱ्यांच्या, बक्षीस म्हणून. शेतकऱ्याच्या, कुंभाराच्या हाती आलं ते मुलाम्याचं तांबं. नाण्यातली चांदी काढणं हा कर आहे. तो जाहीर करावा लागत नाही आणि ज्याच्याकडे फक्त नाणी आहेत त्याच्यावर सगळ्यात जास्त पडतो. जमीन, धान्य, सोनं असणारा तरून जातो. संकट होतं म्हणून हे क्षम्य ठरत नाही. संकटाचा भार कुणावर टाकला हा माझा प्रश्न आहे.

ऱ्हाइनकाठ

प्रश्न रास्त आहे. सोन्याबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य, त्या सोन्याने शेतकऱ्याचं काही भलं झालं नाही.

पण हीण वाढलं की लगेच गरीब बुडाला, हा हिशेब पुराव्यात तसा बसत नाही. रोजच्या व्यवहारातल्या किमती सलग मिळतात त्या इजिप्तमध्ये, पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावर लिहिलेल्या. तिथलं चलन वेगळं होतं, पण त्यातलीही चांदी उतरत होतीच. तरी २६०-२७० च्या दशकात किमती बऱ्याच स्थिर आहेत. मोठी उसळी येते ती २७५ च्या सुमारास, साधारण दसपट, म्हणजे ऑरेलियनने चलनाची फेररचना केल्यानंतर. वर्षानुवर्षं हीण वाढत गेलं तेव्हा बाजार टिकला, आणि सरकारने नाणं "सुधारलं" तेव्हा कोसळला. लोक नाणं घेत होते ते आतल्या धातूकडे बघून कमी आणि उद्या तेच नाणं दुसरा घेईल या भरवशावर जास्त. तो भरवसा सरकारनेच हलवला.

भरवसा तुटायला आला की काय होतं तेही एका पपायरसवर आहे. साल २६०, इजिप्तमधलं ऑक्सिरिंकस शहर. पूर्वेत मॅक्रियानस आणि क्विएटस हे दोघे भाऊ सम्राट म्हणून उभे राहिलेले, म्हणजे तेही फुटलेलंच राज्य. सराफांनी पेढ्या बंद केल्या, सम्राटांचं नाणं घ्यायला नकार दिला. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने हुकूम काढला की पेढ्या उघडा आणि उघड बनावट सोडून सगळी नाणी घ्या, नाहीतर शिक्षा. तिथे नकार देणारे सराफ होते. गॉलमध्ये मात्र राज्य बुडाल्यावरही लोक त्याच चेहऱ्याची नाणी आपणहून पाडत होते. हा फरक मला बोलका वाटतो.

सराफकट्टा

ऑक्सिरिंकसच्या त्या सराफांची बाजू मी घेणार. ज्याच्या पेढीत रोज शेकडो नाणी येतात त्याला कस कळतो आणि तोटाही आधी त्यालाच बसतो. बट्टा लावायला परवानगी नसेल तर पेढी बंद करणं एवढंच त्याच्या हातात उरतं.

ऑक्सफर्डकर

उशिरा आलो, पण या धाग्यावर दुसऱ्या डोमिशियनची गोष्ट आलीच पाहिजे.

१९०० साली फ्रान्समध्ये नांतजवळच्या ले क्लेऑन इथे या काळातल्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या एका नाण्यावर नाव : इंप सी डोमिशियानस पी एफ ऑग. मागे 'कोंकॉर्डिया मिलितुम', सैनिकांची एकजूट. पहिल्या शतकातला प्रसिद्ध डोमिशियन हा नव्हे. हा किरणांच्या मुकुटाचा, व्हिक्टोरिनस-टेट्रिकसच्या घडणीचा. असा सम्राट कुणाला माहीत नव्हता. एका डोमिशियानसच्या बंडाचा झोसिमस या प्राचीन इतिहासकाराच्या ग्रंथात ओझरता उल्लेख आहे, तेवढाच. पुष्कळ अभ्यासकांनी ते नाणं बनावट ठरवलं आणि विषय मिटला.

२००३ साली ऑक्सफर्डजवळ चॅलग्रोव्हच्या शेतात धातुशोधक यंत्र फिरवताना नाण्यांनी भरलेलं एक भांडं मिळालं. सुमारे पाच हजार नाणी, गंजून एकमेकांना चिकटलेली. ब्रिटिश म्युझियममध्ये ती सुटी करताना त्यांत दुसरं डोमिशियानसचं नाणं निघालं, आणि ते ले क्लेऑनच्या नाण्याच्याच साच्यांतलं होतं. फ्रान्समधलं नाणं शंभर वर्षं खोटेपणाचा शिक्का घेऊन पडलं होतं ते एका दिवसात खरं ठरलं. हा माणूस २७१ च्या सुमारास, व्हिक्टोरिनस आणि टेट्रिकस यांच्यामध्ये, थोडे दिवस का होईना सम्राट होता. टाकसाळ त्याच्या ताब्यात होती.

आमच्याकडे ऑक्सफर्डच्या अॅश्मोलियन संग्रहालयात ते चॅलग्रोव्हचं नाणं आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ तिथून हललो नाही. त्याच्या खऱ्या अस्तित्वाचा भक्कम पुरावा म्हणजे ही दोन हिणकस नाणी.

मृण्मयी_क

अंगावर काटा आला वाचून. उद्या वर्गात सांगणार.

मारियसचंही असंच काही आहे ना? तो लोहार होता आणि दोन-तीन दिवसच राज्य केलं, असं वाचलंय.

ऑक्सफर्डकर

ग्रंथांत तसंच आहे. आपणच घडवलेल्या तलवारीने तो मारला गेला, अशी कथाही रंगवलेली आहे. लोहार असेलही. पण त्याची नाणी इतकी सापडतात आणि त्यांचे इतके वेगवेगळे साचे आहेत, की ते काम दोन-तीन दिवसांत होणं अशक्य. काही महिने तरी तो गादीवर होता. इथे ग्रंथापेक्षा नाण्यावर विश्वास ठेवावा.

त्याच्याही नाण्यावर 'सैनिकांची एकजूट' आहे, हस्तांदोलन करणारे दोन हात. ज्यांची गादी सैनिकांच्याच मर्जीवर होती त्या दोघांनीही, मारियस आणि डोमिशियानस, हेच वाक्य निवडलं.

कोकणवारा

छान धागा. ही नाणी भारतात सापडतात का? लहानपणापासून ऐकतोय की आपल्याकडे रोमन नाण्यांचे हंडे निघालेत.

जुनापेठकर

हंडे निघालेत ते पहिल्या शतकातल्या नाण्यांचे, मुख्यतः ऑगस्टस आणि टायबेरियसच्या चांदीच्या डिनेरियसचे, शिवाय सोन्याचे. बहुतेक दक्षिणेत, कोइम्बतूरच्या पट्ट्यात जास्त. नीरोने ६४ साली चांदीचा कस आणि वजन उतरवलं, आणि त्यानंतरची चांदीची नाणी इथे एकदम कमी होतात. आपल्या व्यापाऱ्यांना जुनं चांगलं नाणं हवं होतं. तिसऱ्या शतकातली ही हिणकस नाणी भारतात जवळजवळ नाहीतच. समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्याला रोमच्या सम्राटाचा भरवसा काय कामाचा, त्याने चांदीच तोलून घेतली असणार. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत रोमन कांस्य वस्तू मिळाल्या, पोसायडनची सुंदर मूर्ती मिळाली, पण टेट्रिकस मात्र नाही.

कुणाच्या शेतात जुनी नाणी निघालीच, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनी नाणी खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत, तो १९७२ चा कायदा. वितळवून मोड म्हणून विकू नका, ही हात जोडून विनंती. दरवर्षी असं होतं आणि इतिहास कायमचा जातो.

ऑक्सफर्डकर

इंग्लंडच्या कायद्यात तर हिणकसपणा थेट मोजला जातो. १९९६ च्या कायद्यानुसार ३०० वर्षांहून जुनी, १० टक्क्यांहून जास्त सोनं-चांदी असलेली दोन नाणी एकत्र मिळाली तरी तो निधी, म्हणजे कायद्याच्या लेखी गुप्तधन. त्याहून हलक्या धातूची असतील तर निदान दहा लागतात. पोस्टुमसची सुरुवातीची दोन नाणी निधी ठरतील, टेट्रिकसची नऊ नाही ठरणार.

अर्थात टेट्रिकस नऊवर थांबत नाही. १९७८ चा इंग्लंडमधल्याच क्युनेशिओचा साठा ५४,९५१ नाण्यांचा. २०१० साली सॉमरसेटमध्ये फ्रोम इथे एकाच रांजणात ५२,५०३ नाणी, वजन १६० किलो. आता टाँटनच्या संग्रहालयात आहेत.

फ्रोमच्या रांजणाने वाद पेटवला. नुसता रांजण नाजूक होता, भरल्यावर उचलताच फुटला असता. म्हणजे आधी जमिनीत बसवला, मग भरला. आत सगळ्यात उशिराची नाणी वर असायला हवी होती, ती बरीचशी मध्यावर मिळाली. थोडी थोडी साठवलेली रक्कम असती तर हा क्रम लागला नसता. सगळं एकदम ओतलेलं. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की हा संकटात लपवलेला पैसा नव्हे, एखाद्या वस्तीने देवाला वाहिलेलं दान आहे.

अर्थवेध

किंवा ते नाणं इतकं कवडीमोल झालं होतं की परत काढायला कुणी आलं नाही. मला हेच पटतं. हा लोकांच्या भरवशाचा पुरावा मानणं मला जड जातं.

शिवाय फ्रोममध्ये करॉसियसची नाणी होती, त्याचं काय? २८६ मध्ये ब्रिटन घेऊन तोही फुटला. आणि त्याने शुद्ध चांदीचा डिनेरियस पाडला, ज्या दर्जाची चांदी कित्येक वर्षांत कुणी पाहिली नव्हती. म्हणजे फुटलेल्या राज्याला चांगलं नाणं देणं शक्य होतं. टेट्रिकसने दिलं नाही.

ऱ्हाइनकाठ

करॉसियस मलाही आवडतो. पण त्याची चांदीची नाणी मोजकी होती, फ्रोमच्या ५२ हजारांत फक्त पाच. सैन्याला खूश ठेवण्यासाठी ती. त्याच्या राज्यात रोज फिरणारं नाणं तांब्याचंच, किरणांच्या मुकुटाचंच. सुरुवातीला तर त्याने गॉलच्या या जुन्या नाण्यांवरच आपला ठसा मारला. भाजीवाल्याच्या हातात टेट्रिकसच होता, वर चेहरा करॉसियसचा.

कवडीमोल झालं म्हणून सोडलं, हे काही साठ्यांबाबत खरं असेल. पण कधी? नवं नाणं रुजल्यावर. तोवर निदान वीस वर्षं ते चाललं.

टेट्रिकसला सहज सोडलं असं तुम्ही म्हणालात, तर त्याच्याबद्दल माझं मत सांगते. त्याच्या हीणाचा मला राग नाही. राग आहे तो शेवटाचा. २७४ मध्ये ऑरेलियन शालोंच्या मैदानावर आला तेव्हा टेट्रिकसने त्याला आधीच निरोप धाडला होता, व्हर्जिलच्या ओळीत : हे अजिंक्य वीरा, मला या संकटांतून सोडव. ही हकिकत युट्रोपियस देतो. लढाईच्या वेळी तो शत्रूच्या बाजूला निघून गेला आणि मागे राहिलेलं ऱ्हाइनचं सैन्य कापलं गेलं. पुढच्या पिढीतल्या एका भाषणातही त्या संहाराची आठवण निघते. ज्या सैनिकांनी ते काळं नाणं पगार म्हणून घेतलं होतं, तेच तिथे मेले. रोममध्ये टेट्रिकसला पाल्मिराची हरलेली राणी झेनोबिया हिच्याबरोबर विजययात्रेत फिरवलं आणि मग इटलीत लुकानियाचा कारभार दिला. तो सुखाने म्हातारा झाला. पोस्टुमसशी ताडून बघा. तो माइन्झच्या लोकांसाठी मेला, आणि याने आपली माणसं मैदानात सोडून दिली.

गॉलमधल्या सगळ्यांना ते राज्य हवं होतं असंही नाही. ओतं शहराने व्हिक्टोरिनसविरुद्ध बंड करून रोमच्या क्लॉडियसला हाक मारली. मदत आली नाही. सात महिने वेढा, मग लूट. कवी ऑसोनियसचे आजोबा त्याच उलथापालथीत घरदार सोडून गेले.

अर्थवेध

शालोंचा भाग मला माहीत नव्हता. हे वाचून माझा राग वाढलाच आहे, पण आता तो योग्य माणसावर आहे. कराबद्दलचं माझं म्हणणं मात्र कायम.

कोकणवारा

एक साधा प्रश्न. मामाने जर्मनीहून असंच एक काळं नाणं आणून दिलंय, मुकुटवाला माणूस आहे. चिंच लावून घासू का? अक्षरं दिसत नाहीत.

सराफकट्टा

अजिबात नको! चिंच, लिंबू, काहीही आंबट नको. वर मुलाम्याचा कण उरला असेल तर तोही जाईल आणि खाली उघडं तांबं राहील.

ऱ्हाइनकाठ

सराफकट्टांचं ऐका. ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवा, पाणी बदलत राहा, मऊ ब्रशने माती काढा, पूर्ण वाळवा. काळा थर काढू नका, अक्षरं त्या थरातच जपलेली असतात. फिकट हिरवी पावडर सुटत असेल तर तो तांब्याचा रोग आहे. ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि डबीत सिलिका जेलची पुडी टाका. कोकणातल्या दमट हवेत हे फार गरजेचं आहे.

वाचायला दिवा बाजूने, तिरपा धरा, वरून नको. मुकुटाच्या डावीकडून सुरुवात करा आणि जी अक्षरं लागतील ती इथे लिहा. शेवटी 'ऑग' आहे की 'सीझ' ते आधी बघा. दोन्ही बाजूंचा फोटो आणि वजन टाकलंत तर जुनापेठकर आणि मी मिळून ओळखायचा प्रयत्न करतो.

कोकणवारा

धन्यवाद ताई. तिरप्या उजेडात शेवटी 'सीझ'सारखं दिसतंय, दाढी नाही. मागच्या बाजूला एक बाई उभी आहे, हातात फूल धरल्यासारखं. वजन करून फोटो टाकतो.

जुनापेठकर

फूल धरून, दुसऱ्या हाताने वस्त्र किंचित उचललेलं असेल तर ती स्पेस, आणि तुमच्याकडे धाकटा टेट्रिकस आहे. फोटो येऊ द्या.